मूळचा पारवा

रविवारी सकाळी रंगमास्तर गाडीशेजारी उकिडवे बसले, की इमारतीतली माणसं आपापल्या खिडक्यांतून हळूच मागे सरत. न जाणो, बोलावलं तर! खरं म्हणजे मास्तरांनी आजवर परक्या माणसाला कधी बोलावलं नव्हतं. ते एकाच माणसाला हाक मारत.

"अगं, जरा ये बघू. आणि उजेडात उभी राहा."

मग मास्तरीणबाई ओले हात पुसत खाली येत. मास्तर बारक्या ब्रशचं टोक फडक्याला पुसून दाराच्या कडेकडे बोट दाखवत. "सांग, ओरखडा कुठे होता?"

मास्तरीणबाई वाकून बघत. मान एकदा इकडे कलती करत, एकदा तिकडे. लगेच उत्तर दिलं तर मास्तरांना ते मनापासूनचं वाटत नसे, म्हणून हा सोपस्कार. मग त्या म्हणत, "कुठे होता तेच कळत नाही."

एवढं ऐकलं की मास्तरांचा पुढचा आठवडा सुरळीत जाई.

ओरखडा कुठे होता ते मास्तरीणबाईंना कळत नसे असं मुळीच नाही. ते रस्त्यापलीकडून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही कळे. गाडी मूळची पारव्या रंगाची, राखाडीत चिमूटभर निळं घातल्यासारखी. तिच्यावर आता एक ठिपका जांभळट, एक हिरवट, एक थेट शाळेच्या गणवेशासारखा निळा, अशी सगळी भावंडं नांदत होती. गाडीला गोवर आल्यासारखं दिसे. मास्तरांची लेक त्याच शहरात राहत होती, पण बापाने ऑफिसला सोडायचं म्हटलं की तिला अचानक चालण्याचे फायदे आठवत.

मास्तरांची सगळी हयात सूत रंगवण्याच्या कारखान्यात गेली होती. गिऱ्हाइकाने कापडाची चिंधी टेबलावर टाकायची आणि मास्तरांनी त्याच रंगाचं सूत काढून द्यायचं. कारखान्यात रंग मोजायचं यंत्र आलं तेव्हाही मास्तर त्याच्याकडे पाव्हण्याकडे बघावं तसे बघत. चार दिवस राहील आणि जाईल. यंत्र राहिलं आणि मास्तर निवृत्त झाले, ही गोष्ट वेगळी. मास्तरीणबाईंनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं, की कारखान्यात रंग ढवळला नव्हता. मास्तरांची बायको म्हणून मास्तरीणबाई, एवढीच त्यांची पदवी.

गाडीसाठी कंपनीची तयार रंगाची बाटली मिळते, हे मास्तरांना कोणी सांगायला गेलं की ते हसत. "त्या बाटलीत नव्या गाडीचा रंग असतो. आपली गाडी उन्हात पिकलीय. पिकलेला रंग पिकवूनच जुळवावा लागतो." हे बोलणं शंभर टक्के खरं होतं. ते पांढऱ्यात काळा घालत, त्यात निळ्याचे थेंब टाकत, वर काडीच्या टोकाने पिवळा. पुठ्ठ्यावर फासून वाळवत, गाडीला लावून बघत, पुन्हा थेंब टाकत. पद्धतीत एक चूक काढता आली नसती. चूक डोळ्यात होती.

मास्तरीणबाईंनी पहिल्यांदा "कुठे होता तेच कळत नाही" म्हटलं, तेव्हा ते खरं होतं. त्यानंतरही बरीच वर्षं खरं होतं. मग मास्तर निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना घड्याळ मिळालं आणि त्यानंतर कारखान्यातून एकाही रंगाबद्दल विचारणा झाली नाही. ते फोनपाशी बसत आणि मी काही फोनची वाट बघत नाहीये, असं कुणी न विचारता सांगत. त्याच दिवसांत कधीतरी मागच्या चाकावरच्या पत्र्याला ओरखडा आला, मास्तर टिनाचे डबे घेऊन बसले, आणि त्यांनी हाक मारली. मास्तरीणबाईंनी वाकून पाहिलं तर ठिपका सरळसरळ जांभळा. त्यांनी मान वर केली. मास्तर त्यांच्याकडे बघत होते. त्या बघण्यात फोन होता, घड्याळ होतं, सगळंच होतं. मास्तरीणबाईंच्या तोंडून जुनंच वाक्य बाहेर पडलं.

एकदा बोललेलं खोटं तात्पुरतं म्हणून कामाला लागतं आणि कायम होऊन बसतं. पुढच्या रविवारी खरं बोलायचं, तर मागच्या रविवारचा हिशेब द्यावा लागला असता. हळूहळू इमारतही त्यात सामील झाली. वरच्या मजल्यावरचे वकील भर कोर्टात समोरच्याचं पितळ उघडं पाडणारे, पण मास्तरांच्या गाडीपुढे तेही खरं गिळून म्हणत, "वा! हात आहे की काय आहे!"

मास्तरांची कला गाडीपुरती थांबली असती तर गोष्ट वेगळी. मास्तरीणबाई केसांना रंग लावत. पुढचे केस त्या स्वतः आरशात बघून, दुकानातल्या पाकिटातल्या रंगाने रंगवत. मागे मात्र हात पोचत नसे, आणि मागची जबाबदारी मास्तरांची. पाकिटातला रंग जसाच्या तसा लावायला मास्तर म्हणजे काय न्हावी होते? "तुझे केस काळे कधीच नव्हते," ते म्हणत, "काळ्यात किंचित तपकिरी. मी लग्नाच्या वेळी नीट बघितलेत." आणि दोन-तीन पाकिटांचं मिश्रण करून ते तो मूळ रंग जुळवत. लेक मधूनमधून म्हणे, "आई, एकदा पार्लरमध्ये जा ना." त्यावर मास्तरीणबाई म्हणत, "घरात एवढा जाणकार माणूस असताना?" मग लेक विषय बदले.

मास्तरांना दिसेनासं होऊ लागलं तेव्हा दोष सगळ्या जगाचा होता. वर्तमानपत्रवाले शाई वाचवतात. दिवे हल्ली पूर्वीसारखे येत नाहीत. रंगाच्या कंपन्यांनी निळ्यात भेसळ सुरू केलीय. शेवटी एका समारंभाला मास्तर एका पायात निळा आणि एका पायात तपकिरी मोजा घालून गेले, आणि लेकीने त्यांना दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेऊन बसवलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. "मोतीबिंदू दोन्हीकडे आहे, आजोबा. चांगला पिकलाय."

पिकलाय म्हटल्यावर मास्तरांना जरा आपलेपणा वाटला. "पण रंगात माझी चूक होत नाही हं," ते म्हणाले.

"आधी उजवा डोळा करू. मग बघा गंमत. आता तुम्ही पिवळट काचेतून बघताय, त्यात निळ्याच्या छटा कळतच नाहीत. नंतर निळा रंग तर तुम्हाला अगदी नव्याने दिसेल."

मास्तर खूश झाले. लेक खूश झाली. मास्तरीणबाईही हसल्या, पण दवाखान्याचा जिना उतरताना त्या मध्येच थांबल्या. निळा नव्याने दिसेल! म्हणजे जांभळा जांभळा दिसेल, हिरवा हिरवा दिसेल, आणि ते सगळे ठिपके एका रांगेत उभे राहून मास्तरांना सांगतील, की तुझी बायको इतकी वर्षं तुझ्या तोंडावर खोटं बोलली.

मास्तरांच्या रागाला त्या भीत नव्हत्या. राग यायचा आणि चहाबरोबर उतरायचा. भीती निराळी होती. यानंतर आपण 'बरं दिसतंय' म्हटलं, 'ताप नाहीये' म्हटलं, 'मला काही होत नाहीये' म्हटलं, तरी हा माणूस दर वेळी आपल्या तोंडाकडे बघत राहील. आणि त्याचा डोळा गेला होता, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं आणि त्याला एकट्यालाच नव्हतं, हे कळल्यावर त्याच्यापाशी दुसरं उरतं काय? त्याच्यापाशी डोळाच तर होता.

शस्त्रक्रिया झाली. दवाखाना लेकीच्या घराजवळ, म्हणून मास्तरांनी आठ-दहा दिवस लेकीकडेच राहावं असं ठरलं. मास्तरीणबाई "कुंड्यांना पाणी घालून येते" असं सांगून घरी आल्या, आणि कुंड्यांकडे न बघता गॅरेजवाल्या पेंटरला बोलावून घेतलं.

पेंटर आला तो गळ्यात सोनेरी साखळी आणि आवाजात आख्खं गॅरेज घेऊन. गाडीभोवती त्याने एक फेरी मारली. "ताई, हे कुणाचं काम? नातवंडांनी रंगवली?"

"आमच्या ह्यांनी."

"असं असं," पेंटर म्हणाला आणि त्याने तोंड दुसरीकडे वळवलं. मग पुढचं झाकण उघडून त्याने रंगाच्या नंबराची पत्र्याची पट्टी शोधली. ती सापडली. पण तिच्यावर गंज चढला होता म्हणून मास्तरांनी काळजीपूर्वक तिलाही रंग लावून टाकला होता. नंबर कायमचा गाडला गेला होता, फिकट हिरव्याखाली.

"आता मूळ रंग कुठला समजायचा?" पेंटरने कमरेवर हात ठेवले. "ह्या गाडीत मला नऊ-दहा दिसतायत."

मास्तरीणबाईंनी आठवून पाहिलं आणि त्यांना धक्काच बसला. ठिपक्यांशिवायची गाडी त्यांना आठवेना. रोज समोर उभी असलेली वस्तू, आणि तिचा रंग डोळ्यांपुढे येईना! शेवटी पेंटरने डिकीच्या कडेचं रबर उचकटलं. मास्तरीणबाईंनी आत डोकं घालून पाहिलं. रबराखाली हातभर लांबीची पट्टी होती, ना ऊन लागलेली, ना मास्तरांचा हात. स्वच्छ पारवा.

त्यांना एकदम शोरूम आठवली. मास्तरांनी कारखान्यातून सुताच्या लडी खिशात घालून आणल्या होत्या आणि गाडीच्या टपावर एकेक लड धरून ते विक्रेत्याला घाम फोडत होते. मग एक लड मास्तरीणबाईंच्या गालाशी धरून म्हणाले होते, "ही घेऊ. हिच्यात तू बसलेली बरी दिसशील." मास्तरीणबाई डिकीत डोकं घालून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. त्यांना रडू येत होतं आणि पेंटरसमोर रडायचं नव्हतं.

मागून पेंटरचा आवाज आला. "ताई, ते घरी आणखी काय काय रंगवतात?"

"काही नाही. फक्त गाडी." मास्तरीणबाईंनी डोकं बाहेर काढलं. "का हो?"

"सहज विचारलं." पेंटर परत गाडीकडे वळला. "बोला, कसा देऊ? नवा पारवा, की वापरलेला? नवा दिला तर उद्याच कळेल की गाडी रंगवलीय."

मास्तरीणबाईंनी विचार केला. आयुष्यात त्यांनी रंगाबाबत घेतलेला हा पहिला निर्णय. "नवा द्या," त्या म्हणाल्या. "त्यांचा डोळाही नवाच आहे."

पेंटरला काही कळलं नाही, पण त्याने छातीवर हात मारला. "माझ्या हातून सुईच्या टोकाएवढी जागा सुटली तर साखळी काढून देईन."

मास्तर घरी आले त्या दिवशी इमारतीतली झाडून सगळी माणसं काही ना काही काम काढून खाली हजर होती. मास्तर टॅक्सीतून उतरले, काळा चष्मा काढला आणि गाडीकडे बघत उभे राहिले. मास्तरीणबाईंनी पिशवीचे बंद घट्ट धरले.

मास्तरांनी उजवा डोळा मिटला. मग उजवा उघडून डावा मिटला. असं तीनचारदा केलं.

"अगं," ते हळूच म्हणाले, "जुन्या डोळ्याने बघितली तर आपली रोजचीच गाडी. आणि नव्याने बघितली तर शोरूममधून आणलेली!"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मास्तर गाडीभोवती फिरले. दाराच्या कडेवरून, मागच्या चाकावरून बोट फिरवत गेले. "एक तरी ठिपका दिसतोय का? नव्या डोळ्याला दिसत नाही, मग काय!" त्यांची छाती फुगली. मग मध्येच नाक वर करून म्हणाले, "रंगाचा वास कसला येतोय?"

सगळी इमारत गार पडली. वकील पुढे झाले. "फाटकाला रंग दिलाय, मास्तर," ते म्हणाले. फाटक तर गंजलेलं समोर उभं होतं. वकिलांनी सावरून घेतलं, "म्हणजे, द्यायचाय. डबा उघडून ठेवलाय." दुसऱ्या दिवशी बिचाऱ्यांना सुट्टी काढून फाटक रंगवावं लागलं.

त्या संध्याकाळी गॅलरीत बसल्यावर मास्तर म्हणाले, "तुला एक सांगू? मधे मधे मला शंका यायची. वाटायचं, हात ढळला असेल. पण तू म्हणायचीस, तेव्हा म्हटलं, ही खोटं कशाला बोलेल?"

मास्तरीणबाई चहा ढवळत राहिल्या. साखर कधीच विरघळली होती. जीव भांड्यात पडला होता, आणि त्या भांड्याचं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं.

मास्तरांना आता कोण आवरणार? वकिलांच्या नव्याकोऱ्या गाडीला कुणीतरी घासून गेलं, तर मास्तर डबे घेऊन हजर. वकील नको नको म्हणत असताना त्यांनी रंग जुळवला, आणि तो खरोखर असा जुळला, की ओरखडा कुठे होता ते शोधूनही सापडेना. पण इमारतीला सवय झालेली. वकिलांनी गाडीकडे न बघताच म्हटलं, "वा! हात आहे की काय आहे!"

मग एकदा मास्तर एकटेच पेट्रोल भरायला गेले. दुसऱ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेला अजून वेळ होता, तोवर गाडी चालवू नका असं लेकीने बजावलं होतं, म्हणून त्यांनी ते गुपचूप उरकलं. परत आले ते थेट वर गेले. चहाही नको म्हणाले.

मास्तरीणबाई मागच्या सीटवरची छत्री आणायला खाली गेल्या, तर पेट्रोलचं छोटं झाकण अर्धवट उघडं. मास्तर आणि झाकण उघडं! त्या ते लावायला गेल्या आणि त्यांचा हात तिथेच राहिला. पेंटरने झाकण बंद ठेवूनच फवारा मारला होता. आत जुना, उन्हात पिकलेला पारवा जसाच्या तसा होता, आणि त्यावर मास्तरांच्या हातचे तीन ठिपके. एक जांभळा, एक हिरवा, एक गणवेशाचा निळा.

त्यांनी झाकण लावलं आणि वर तळवा दाबून धरला, जणू ते पुन्हा उघडणार होतं.

आता स्फोट होईल, म्हणून त्या जेवताना वाट बघत राहिल्या. मास्तरांनी मीठ मागितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र वाचून दाखवलं. तिसऱ्या दिवशी लेकीला फोनवर सांगितलं, "आई बरी आहे." मास्तरीणबाईंना हे ओरडण्यापेक्षा जड जात होतं. सांगून टाकावं असं दहादा ओठांवर आलं, आणि दहादा त्यांनी चहा टाकला.

रविवारी मास्तर गाडीकडे गेले नाहीत. टिनाचे डबे पलंगाखालीच राहिले. ते म्हणाले, "केसांचं करायचंय ना आज?" आणि वाटी, ब्रश, पाकिटं काढून बसले. मास्तरीणबाई खांद्यावर टॉवेल टाकून स्टुलावर बसल्या. मागे वाटीत चमचा वाजला, कंगवा केसांतून फिरला, आणि मध्येच थांबला.

वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काय झालं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही. जरा उजेडात सरक बघू."

त्या स्टूल घेऊन खिडकीपाशी सरकल्या. आता समोरच्या भिंतीवर दोघांच्या सावल्या पडल्या होत्या. मास्तरांची सावली वाकली. तिने मान एकदा इकडे कलती केली, मग एकदा तिकडे.

"मागे कसं दिसतंय हो?" मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच बारीक वाटला. "जुळलाय ना रंग?"

सावली सरळ झाली.

"पांढरं कुठे होतं तेच कळत नाही," मास्तर म्हणाले.

मास्तरीणबाई हलल्या नाहीत. हे वाक्य त्यांना आतून-बाहेरून ठाऊक होतं. ते किती थांबून म्हणायचं, कुठल्या शब्दावर जोर द्यायचा, आणि कधी म्हणायचं, तेही. त्यांना पेंटरचा प्रश्न आठवला. लेकीचं पार्लर आठवलं. जिन्यात "तुम्ही व्हा पुढे" म्हणून मागे राहणारी आणि हसू दाबत पदोपदी खोकणारी वकीलवहिनी आठवली. इतकी वर्षं आपण एकट्याच सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकतोय, अशा थाटात त्या याच डोक्याने या इमारतीत फिरत होत्या. त्यांना हसू आलं. रडूही आलं. दोन्हींतलं काय आधी बाहेर पडेल याचा नेम नव्हता, म्हणून त्यांनी तोंड मिटून घेतलं.

मास्तर वाटी उचलून आत गेले. नळ वाहिल्याचा आवाज आला. वाटीतलं मिश्रण मोरीत गेलं असावं. मग नवी पाकिटं फाडल्याचा आवाज आला आणि चमचा बराच वेळ वाजत राहिला.

"काय झालं?" मास्तरीणबाईंनी बसल्या जागेवरून विचारलं.

"काही नाही गं," आतून मास्तर म्हणाले. "जरा दाट झालं होतं."

"बरं," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी स्टूल थोडं वळवून उजेडाकडे नीट पाठ केली.